रंगाखालचे खिळे

६ डिसेंबर १९९८, रविवार

नवऱ्याला, शशिधरला म्हटलं होतं, लिहायला काहीतरी आण. पठ्ठ्यानं जयसिंगपूरच्या घरातून माझ्याच कपाटातली कोरी प्रयोगवही उचलून आणली. एक पान रेघांचं, एक आकृतीसाठी कोरं. म्हणतो, सवयीची वही बरी. बाळंतिणीनं डोळ्यांना ताण द्यायचा नाही अशी अव्वाची सक्त ताकीद आहे. त्यामुळे ही वही गादीखाली राहणार, आणि अव्वा दुकानात अप्पांचा चहा घेऊन उतरली की बाहेर येणार. अकरावी-बारावीच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवणारी, वर्गात नुसती बघितली तरी मागचा बाक गप्प होतो अशी मी बाई, आईला भिऊन चोरून लिहिते. पोरांना कळलं तर माझं काही खरं नाही.

तर बाळ. मुलगी. गेल्याच्या गेल्या शुक्रवारी झाली. सासऱ्यांनी नाव आधीच ठरवून ठेवलंय, सौंदर्या. तोंड सध्या भाजलेल्या वांग्यासारखं आहे, पण नाव मोठं असलेलं बरं, पुढेमागे उपयोगी पडतं.

महिना-दीड महिना या खोलीतच काढायचा आहे. कोल्हापुरात, लक्ष्मीपुरीत, खाली अप्पांचं सुतळी-बारदानाचं दुकान आणि वर आम्ही. याच खोलीत मी पाळण्यात होते. गल्लीकडं एक चांगली मोठी, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर सुरू होणारी, बिनगजांची खिडकी आहे, पण असून नसल्यासारखी. खिळे मारून बंद केलेली, आणि त्या खिळ्यांवरून रंगाचे इतके हात फिरलेत की नुसती टेंगळं दिसतात. मला कळायला लागल्यापासून ती उघडलेली मी बघितलेली नाही. लहानपणी विचारलं की अव्वा म्हणायची, गल्लीतली धूळ येते. आता म्हणते, बाळंतिणीला वारं बाधतं. प्रश्न एकच, उत्तर ऋतूप्रमाणे.

सकाळी बायडाबाई येते, मला आणि बाळाला तेलानं रगडून कढत पाण्यानं न्हाऊ घालते. मग बाजेखाली लोणारी कोळशाची शेगडी, तिच्यावर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा. वरून कांबळं. दार बंद. घामाच्या धारा लागतात. एमएस्सी झालेल्या मुलीनं या असल्या गोष्टींना नाही म्हणायला पाहिजे, पण खरं सांगायचं तर दुखऱ्या कमरेला त्या शेकानं फार बरं वाटतं.

एक गोष्ट मनाला लागली आहे, ती लिहूनच टाकते. अव्वा नातीला घेत नाही. बायडाबाईच्या हातातून माझ्याकडं, माझ्या हातातून पाळण्यात; मध्ये अव्वाचे हात येतच नाहीत. विचारलं तर म्हणते, पाठीत भरलंय. पाण्याची घागर उचलताना नाही भरत. मुलगी झाली म्हणून असेल का? अव्वा तशी नाही, असं मी समजत होते.

९ डिसेंबर, बुधवार



सकाळी बाळाला कोवळं ऊन द्यायला मागच्या गॅलरीत गेले. खाली चौक, नळ, धुणं धुवायचा दगड. कठडा माझ्या कमरेएवढा. बाळ जागं होतं, उन्हानं डोळे बारीक करत होतं. मी खाली बघितलं. आणि एकदम, शेजारी उभं राहून कोणी बोलावं तसं मनात आलं, सोडलं तर?

दुसरं काही नाही. राग नव्हता, कंटाळा नव्हता. मी तिच्याकडं प्रेमानंच बघत होते. पण ते आलं, आणि त्याच्याबरोबर सगळं दिसलंसुद्धा, दगडावर. बाळाला छातीशी आवळून भिंतीला पाठ घासत घासत आत आले. ती रडायला लागली तेव्हा कळलं की मी किती घट्ट धरलंय.

हे कुणाला सांगणार? शशिधरला? भला माणूस आहे, पण रात्रभर झोपायचा नाही आणि सकाळी बाळाला घेऊन आपल्या आईकडं जाईल. जाऊ नये तरी कसं?

निरीक्षण: आई मुलाला मारायचा विचार करते.
अनुमान: ती आई नव्हे.

१२ डिसेंबर, शनिवार

काल पुन्हा दोनदा आलं. एकदा गॅलरीच्या दारात, एकदा अव्वा बाजेजवळ विळीवर मेथी चिरत बसली होती तेव्हा. मी ओरडलेच, विळी इथं आणू नकोस म्हणून. अव्वा लगेच उठली आणि विळी स्वयंपाकघरात ठेवून आली. एरवी मी आवाज चढवला असता तर माझ्या सात पिढ्या काढल्या असत्या तिनं.

आजपासून मी गॅलरीत जाणार नाही. अव्वाला सांगितलं, बाहेर गार वारं आहे, बाळाला सर्दी होईल. मला वाटलं होतं, म्हणेल, शिकलेली बाई आन् उन्हाला भीती व्हय. तिनं एका शब्दानं अडवलं नाही. स्वतः जाऊन गॅलरीच्या दाराची वरची कडी लावली, खालचीही लावली, आणि ओढून बघितली.

दार लागलं की मला सुटल्यासारखं होतं. ही खोली बरी. खिडकीला खिळे, दाराला कडी, विळी नाही, कठडा नाही. इथं माझ्या हातून काय होणार? थंडी आहे म्हणून शेगडी दुपारीही राहू दे, असं मीच सांगितलं. अव्वा खूश झाली. लेक ताळ्यावर आली असं वाटलं असेल तिला.

१५ डिसेंबर, मंगळवार

आज शांत दिवस. बाळंतपणाच्या रजेवर येण्याआधीचा शेवटचा तास आठवत पडून होते. विरंजन शिकवत होते. बरणीत ओला क्लोरीन, त्यात जास्वंदीची पाकळी. बघता बघता लाल पाकळी पांढरीफटक. पोरांना हे फार आवडतं. मग मी सांगितलं, रंग खातो तो ऑक्सिजन. पण हवेतला नव्हे. हवेतला ऑक्सिजन जोडीनं राहतो, दोघांचं एकमेकांत भागलेलं असतं, कुणाच्या वाटेला जात नाही. हा नुकताच सुटलेला असतो. जुन्या घरातून बाहेर पडलाय, अजून जोडी मिळालेली नाही. तेवढ्या क्षणात समोर येईल त्याला तो धरतो. पुस्तकात त्याला नवजात ऑक्सिजन म्हणतात.

मागच्या बाकावरून राजवीरनं हात वर केला. हा हात वर म्हणजे वर्गाची करमणूक. म्हणाला, "मॅडम, त्या एकट्याला तेवढ्या वेळात काय वाटत असेल हो?" सगळे हसले. मी म्हटलं, परीक्षेत विचारणार नाही, बस खाली.

आता वाटतं, बऱ्यापैकी प्रश्न होता.

१८ डिसेंबर, शुक्रवार

डोकं ठणकतंय. तीन-चार दिवस झाले, दुपारची झोप झाली की कपाळावर घण बसतात, मळमळतं, छातीत धडधडतं. उठून न्हाणीपर्यंत गेलं तर पाय दुसऱ्याचे असल्यासारखे. संध्याकाळी दिवाबत्तीला अव्वा बाहेरच्या खोलीत बसवते तेव्हा जरा हुशारी येते, आणि परत आत गेलं की पुन्हा तेच. म्हणजे खोलीत बाळाबरोबर एकटी राहिले की होतं. शरीरालासुद्धा कळलंय की इथं काहीतरी वाईट शिजतंय.

बाळ मात्र छान आहे. रडणं कमी झालंय, झोपते खूप. प्यायलासुद्धा उठवावं लागतं. गाल गुलाबी, ओठ लालचुटूक. बायडाबाई म्हणाली, "शेकाचा गुण हाय हो. कसं डाळिंबागत रंग चढलाय बघा." अव्वानं लांबूनच मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढली.

एवढं गोड पोर, आणि मी अशी.

निरीक्षण: डोकेदुखी, मळमळ, धडधड. बाळाजवळ असताना जास्त.
अनुमान: मन शरीरावर उतरू लागलं आहे. वेड असंच येत असेल.

२० डिसेंबर, रविवार

शशिधर हातकणंगल्याहून आला. तिथं वीज मंडळाच्या ऑफिसात आहे, रविवारचा येतो. अव्वाचं "पावणं, या की, पावणं, बसा की" उरकल्यावर आत आला, बाळाचं बोट धरून बसला. दुपारी तिथंच सतरंजीवर पसरला. अव्वानं दार ओढून घेतलं.

चारच्या सुमाराला उठला तो डोकं धरून. गॅलरीत जाऊन कठड्यावरून भडाभडा ओकला. मग तिथंच वाऱ्यावर बसून राहिला आणि अर्ध्या तासात बरा होऊन हसायला लागला. सकाळी स्टँडजवळ झणझणीत मिसळ चापली होती, वर कटाच्या दोन वाट्या. तिचा प्रताप. अव्वानं लिंबूपाणी दिलं आणि मिसळवाल्याचा उद्धार केला.

मी गॅलरीच्या उंबऱ्यापर्यंत गेले, पुढं पाऊल टाकलं नाही. तो म्हणाला, ये की बाहेर, किती छान हवा आहे, बाळाला आण. मी म्हटलं, नको. त्यानं माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. त्याला कळलं तर?

२३ डिसेंबर, बुधवार

आमच्या कॉलेजातली संयोगिता येऊन गेली, मानसशास्त्र शिकवते ती. डिंकाचे लाडू आणले होते आणि स्टाफरूममधल्या भानगडी. ती बोलते तेव्हा समोरच्याला बोलावंसं वाटतं, हाच तिचा धोका.

म्हणाली, चेहरा का असा? मी म्हटलं, झोप नाही. मग ती आपण होऊनच सांगायला लागली. मूल जन्मतं ते सगळ्यांना दिसतं, आई जन्मते ते कुणाला दिसत नाही. आधीची बाई सुटलेली असते आणि नवी अजून जमलेली नसते. त्या मधल्या दिवसांत मन सुटं असतं, हाताला लागेल त्याला चिकटतं. कुणी देवाला चिकटतं, कुणी भीतीला. काही दिवसांनी बसतं आपोआप.

मी म्हटलं, आमच्याकडं विरंजनात असतं तसं.

ती हसली आणि एकदम विचारलं, "शांभवी, काही विचार येतात का गं? सांगण्यासारखे नसलेले?"

तोंडापर्यंत आलं होतं. देवाशपथ आलं होतं. तेवढ्यात अव्वा चहा घेऊन दारात उभी. मी म्हटलं, नाही गं, कसले विचार. अव्वानं चहा ठेवला आणि जाताना माझ्याकडं बघत बघत गेली. तिनं ऐकलं असेल. तिला संशय आला असेल. आता ती मला बाळाजवळ एकटी ठेवणार नाही. ठेवू नयेच. पण मग रोज दुपारी दार लावून का जाते?

२५ डिसेंबर, शुक्रवार

ठरवलंय. रविवारी शशिधर आला की सांगणार, बाळाला तुझ्या आईकडं ने. कारण सांगणार नाही. दूध येत नाही म्हणेन. मला कुठं न्यायचं ते नंतर बघू. मिरजेला वेड्यांचे डॉक्टर आहेत म्हणतात.

ती लांब राहिली तर जगेल. एवढंच पाहिजे मला. मला आई म्हटलं नाही तरी चालेल.

रडून डोकं आणखी चढलं. अव्वानं शेगडीत कोळसे वाढवले.

२६ डिसें.

अक्षरं हलतात. आज विचार येत नाहीत. काहीच येत नाही. बरं वाटतं. बाळ गप्प आहे, सकाळपासून प्यायली नाही, झोपलीय शहाणी. मलाही झोपायचं

३० डिसेंबर, बुधवार

आम्ही दोघी जिवंत आहोत. हे आधी लिहिते, बाकी मागून.

आता जे लिहितेय ते ऐकीव आहे, कारण मला काही आठवत नाही. शनिवारी दुपारी अव्वा खीर घेऊन आत आली. मी हाकेला ओ देईना. बाळ पाळण्यात, मान एका बाजूला, उचललेला हात तसाच खाली पडला. अव्वानं, जिनं आजवर नातीला एकदासुद्धा घेतलं नव्हतं त्या अव्वानं, बाळाला उचललं आणि कड्या काढून गॅलरीत धावली. तिथून अप्पांना हाक मारली ती म्हणे गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. वाऱ्यावर बाळ शिंकलं, मग रडलं. अप्पा वर येऊन बघतात तर अव्वा गॅलरीच्या खांबाला पाय गुंडाळून खाली बसलेली, डोळे मिटलेले, बाळ छातीशी. तिची बोटं एक एक करून सोडवावी लागली. भीतीनं माणूस काय काय करतं.

मला अप्पांनी आणि दुकानातल्या हमालानं उचलून बाहेर आणलं. दवाखान्यात दोघींना ऑक्सिजन लावला. डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, खोलीत शेगडी असते का? आणि खिडकी?

मी नाकावर नळी घेऊन पडल्या पडल्या हसायला लागले. नर्सला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. अहो, कार्बन मोनॉक्साइड! रंग नाही, वास नाही. कोळशाला पुरेशी हवा मिळाली नाही की तो अर्धवट जळतो, आणि अर्धवट जळलेला वायू रक्तातल्या ऑक्सिजनच्या जागी जाऊन बसतो. गाल लाल होतात, डोकं ठणकतं, मळमळतं, झोप येते आणि ती झोप संपत नाही. फळ्यावर लिहून मुलांकडून पाठ करून घेतलेलं. शशिधर बिचारा मिसळीला शिव्या घालत गेला. माझ्या बाजेखाली रोज प्रयोग चालू होता, आणि मी या वहीत निरीक्षणं अचूक लिहून अनुमानं गाढवासारखी काढत होते.

बाळाला काही इजा नाही म्हणतात. पिते, रडते, रात्री घर डोक्यावर घेते. असं गोड रडणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

आणि मी वेडी नाही! हे दहा वेळा लिहावंसं वाटतं. डोक्याला ऑक्सिजन मिळत नव्हता, म्हणून डोकं बरळत होतं. ते मी नव्हते, गॅस होता.

अनुमान: विचार गॅसचे होते. बस.

३ जानेवारी १९९९, रविवार

आज खिडकी उघडली. शशिधरनं आकाराम सुताराला बोलावलं. अव्वा आडवी आली. शेगडी नको, मान्य. दार उघडं ठेवा, मान्य. खिडकी नको. अप्पा कधी नव्हे ते तिच्यावर चिडले, पोरगी मेली असती तुझ्या वाऱ्याच्या खुळापायी म्हणाले. अव्वाचं तोंड पांढरं पडलं. तिनं पायात चपला घातल्या आणि मठात जाऊन बसली, संध्याकाळपर्यंत आली नाही. मलाही राग आला. एवढं होऊनसुद्धा हट्ट?

आकारामनं रंग खरवडला. एक एक खिळा किंचाळत निघत होता. म्हणाला, "ताई, हे सुताराचं काम न्हवं. बघा की, वाकडंतिकडं, निम्मं दुमडलंय. कुणीतरी घाईघाईनं ठोकल्यात, आन् हातोड्यानं बी न्हाय, दगडानं." एका ठिकाणी चौकटीचं लाकूड चेचलं होतं, तिथं घाव खिळ्यावर न पडता भलतीकडंच पडले होते.

खिडकी उघडली आणि गल्ली आत आली. सायकलच्या घंट्या, बारदानाचा वास, समोरच्या शालूबाईंचा कुणावर तरी चढलेला आवाज. या खोलीला उजेड असा दिसतो हे मला माहीतच नव्हतं. बाळ खिडकीकडं टक लावून होतं. शशिधर चार दिवसांची रजा टाकतो म्हणाला. मी म्हटलं, जा तू, मी आता ठणठणीत आहे.

७ जानेवारी, गुरुवार

तो विचार परत आला.

शेगडी नाही. खिडकी उघडी. डोकं दुखत नाही, रात्री झोप झालेली, सकाळी दोन भाकऱ्या खाल्लेल्या. बाळाला खांद्यावर घेऊन खिडकीशी उभी होते, ढेकर काढत होते. खाली हमाल गाडा रिकामा करत होते. आणि तेच. त्याच आवाजात. सोडलं तर?

बाळाला पाळण्यात ठेवलं आणि खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसले. आता तिथूनच लिहितेय.

९ डिसेंबरचं पान काढून वाचलं. गॅलरी होती ती. उघडी गॅलरी, सकाळचं ऊन, वारा. शेगडीचा धूर तिथं कसा येईल? हे माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं आणि मी त्यावरून बेधडक पुढं गेले. मला पाहिजे ते अनुमान मी काढलं.

गॅसचं नाव खोडलं की मीच उरते. आता कुणाकडं बोट दाखवू?

भीती वाटते. इतकी भीती मला त्या बंद खोलीतसुद्धा वाटली नव्हती, कारण तिथं निदान खिळे होते.

पाळणा हलतोय. ती उठेल आता, आणि मला जावं लागेल.

८ जानेवारी, शुक्रवार

सकाळी बायडाबाई न्हाऊ घालून गेली. बाळ माझ्या मांडीवर. अव्वा कोपऱ्यात, खिडकीकडं पाठ करून दुपट्यांच्या घड्या घालत होती. खिडकी उघडल्यापासून ती या खोलीत अशीच बसते.

मी खिडकीकडं बघितलं आणि कळलं, की अव्वा दुपटी ठेवायला उठली की मी पुन्हा एकटी. संयोगिताला सांगता आलं असतं, सांगितलं नाही. शशिधरला सांगता आलं असतं. आता समोर होती ती फक्त अव्वा, जिला सांगायचं नाही म्हणून मी महिनाभर जीव मुठीत धरून बसले होते.

मी म्हटलं, "अव्वा, मला भीती वाटते. बाळाला माझ्याच हातानं खाली टाकीन असं मनात येतं."

मला वाटलं होतं, तोंडावर हात मारून घेईल, देवाचं नाव घेईल, बाळाला ओढून घेईल. तिनं हातातल्या दुपट्याची घडी पुरी केली. मग मान वर न करता विचारलं, "खिडकीतनं?"

मी म्हटलं, तुला कसं कळलं?

"तू झालीस तवा मलाबी तेच यायचं," ती म्हणाली. "हीच खिडकी. उघडी असायची. तू मांडीवर, आन् मनात यायचं, टाकलं तर. लई भ्यालतो मी. तुझं अप्पा सांगलीला बाजाराला गेलते. पाट्याचा वरवंटा आणला, सापडतील ते खिळं घेतलं आन् मारत सुटलो."

मी विचारलं, कुणाला सांगितलं नाहीस? म्हणाली, कुणाला सांगायचं? बाई बिघडली म्हणून माहेरी धाडलं असतं, आणि माहेरच्यांनी बुवाकडं नेलं असतं. पुढं कधीतरी ते यायचं थांबलं, कधी ते तिलाही कळलं नाही. पण खिळे काढायचा धीर झाला नाही. रंगारी आले की त्यांना सांगायची, खिळ्यांवरनं जाड हात मारा.

आणि सौंदर्याला घेत का नव्हतीस, मी विचारलं.

"परत आलं तर?" अव्वा म्हणाली. "तुझ्या पोरीला माझ्या हातनं काय झालं तर? म्हणून हातच लावला न्हाय." मग पदर तोंडाला लावून रडायला लागली. म्हणाली, तू गॅलरीत जायला नको म्हणालीस तवाच मी वळखलं. वाटलं, दार लावलं की तू बी वाचशील, पोर बी वाचेल. माझ्या दार लावण्यानं तुमी दोघी मेला असता की गं.

मी आजवर अव्वाला रडताना बघितलं नव्हतं. आजी गेली तेव्हासुद्धा नाही. मी बाळाला घेऊन तिच्याजवळ सरकले. किती वेळ बसलो कुणास ठाऊक. तिला विचारलं, तो आवाज तुझ्या शेजारून यायचा का गं? म्हणाली, व्हय, उजव्या कानाकडनं. माझ्याही उजव्याच. आणि आम्हां दोघींना हसू आलं, रडता रडता. असल्या गोष्टीवर हसणाऱ्या मायलेकी जगात आणखी असतील का? असतील. खिळे मारून बसलेल्या असतील.

राजवीर, तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते रे. तो घाबरलेला असतो. दुसरा कुणी भेटेपर्यंत फार घाबरलेला असतो.

तेवढ्यात गल्लीतून शालूबाईंनी हाक मारली. समोरच्या पायरीवर उभ्या होत्या, डोक्यावर पदर, हातात सूप. एवढ्या वर्षांनी उघडलेली खिडकी त्यांना कशी सुटेल? "रत्नव्वा, अगं खिडकी उघडली व्हय! नात तरी दाव की. दवाखान्यातनं आल्यापासनं तोंड बघितलं न्हाय आमी तिचं."

अव्वा जागच्या जागी थिजली. मी उठले, आणि बाळाला तिच्या हातात दिलं. तिनं धरलं. आम्ही दोघी खिडकीशी गेलो. मी तिच्या मागं उभी राहिले आणि तिच्या लुगड्याचा कासोटा मुठीत घट्ट धरला, लहानपणी जत्रेत धरायचे तसा.

"धरलंस?" तिनं विचारलं.

"धरलंय," मी म्हटलं.

मग अव्वानं दोन्ही हातांनी बाळाला वर उचललं आणि शालूबाईंना दाखवलं.